जे तपासता येतं, तेवढंच

२०१६च्या मे महिन्यात इंग्लंडचे तेव्हाचे शाळामंत्री निक गिब बीबीसी रेडिओवर मुलाखत देत होते. विषय होता दहा-अकरा वर्षांच्या मुलांची व्याकरणाची परीक्षा. ही परीक्षा भलतीच अवघड आहे अशी पालकांची ओरड चालू होती आणि गिबसाहेब तिची बाजू मांडत होते. बोलता बोलता निवेदिकेने त्यांना एक वाक्य दिलं: 'आय वेंट टु द सिनेमा आफ्टर आय हॅड ईटन माय डिनर.' यातला 'आफ्टर' कोण? प्रिपोझिशन की सबॉर्डिनेटिंग कंजंक्शन? मंत्री म्हणाले, प्रिपोझिशन. चुकलं. 'आफ्टर'च्या पुढे आख्खं उपवाक्य येतं, म्हणून तो कंजंक्शन. मंत्र्यांनी सावरून घेतलं: प्रश्न माझा नाही, पुढच्या पिढ्यांचा आहे, मला प्राथमिक शाळेत व्याकरण शिकवलंच नव्हतं.

इथल्या वर्तमानपत्रांना दोन दिवसांची करमणूक मिळाली. मी ती मुलाखत नंतर ऐकली, तेव्हा मला त्यांची चूक विशेष वाटली नाही. विशेष वाटलं ते त्यांचं इंग्रजी. स्वच्छ, नेमकं, एका वाक्यातून दुसरं वाक्य अलगद निघत होतं. 'आफ्टर'ची जात माहीत नसल्यामुळे त्यांचं आयुष्यात काय अडलं, हे काही मला त्या मुलाखतीतून कळलं नाही.

आम्ही इंग्लंडमधल्या रेडिंगला राहतो. मुलगा यंदा सहावीत, म्हणजे इथल्या 'इयर सिक्स'मध्ये आहे. येत्या मे महिन्यात तीच परीक्षा त्याच्या पुढ्यात आहे: व्याकरण आणि विरामचिन्हांचे ५० गुण, स्पेलिंगचे २०. त्यामुळे आमच्या जेवणाच्या टेबलावर सध्या मोडल व्हर्ब, रिलेटिव्ह क्लॉज आणि सब्जंक्टिव्ह यांची ये-जा असते. यातलं चौथीपासून मुक्कामाला आलेलं प्रकरण म्हणजे 'फ्रंटेड ॲडव्हर्बियल'. क्रियाविशेषण वाक्याच्या सुरुवातीला आणायचं आणि पुढे स्वल्पविराम द्यायचा. लॉकडाऊनमध्ये शाळा घरात आल्या, तेव्हा इंग्लंडभरच्या आईबापांना हे नाव पहिल्यांदा ऐकू आलं आणि ते हबकून गेले. इंग्रजी ज्यांची मातृभाषा, ते हबकले. मी कराडहून आलेली, मला फार जड गेलं नाही.

कारण माझे वडील. आबांनी कराडजवळच्या एका हायस्कुलात जन्मभर इंग्रजी शिकवलं. व्हिडिओ कॉलवर नातवाने त्यांना मोठ्या तोऱ्यात विचारलं, "आजोबा, फ्रंटेड ॲडव्हर्बियल माहितीये?" आबांनी चष्मा वर केला. "उदाहरण दे की रे." त्याने दिलं. आबा म्हणाले, "हात्तिच्या! ॲडव्हर्ब फ्रेज आहे, उचलून पुढे आणलाय. नवं नाव ठेवलंय होय त्याचं?" मग माझ्याकडे वळून, अगदी समाधानाने, "अगं, शेवटी साहेबालाही रेन-मार्टिन पटला म्हणायचा."

आबांचा हा विनोद दिसतो त्याहून खोल आहे. ज्या जाडजूड व्याकरणावर आपल्याकडच्या कित्येक पिढ्या पोसल्या, त्याच्या जोडनावातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात होते आणि इंग्लंडमध्ये त्यांचं नाव झालं ते फ्रेंच फॉरेन लीजनवरच्या साहसी कादंबऱ्यांमुळे. साठच्या दशकात इंग्लंडच्या शाळांनी वाक्यपृथक्करण, शब्दांच्या जाती वगैरे अडगळीत टाकलं. त्याच वेळी आमच्याकडे पोरं तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला आणि रेन-मार्टिन घोटत होती. डायरेक्टचं इनडायरेक्ट, ॲक्टिव्हचं पॅसिव्ह. साहेबाने टाकलेलं कराडने जपलं. आता पन्नासेक वर्षांनी साहेब ते परत मागतोय.

टाकलं का होतं, हेही ऐकण्यासारखं आहे. व्याकरणाचे धडे दिल्याने मुलांचं लेखन सुधारतं असं शोधूनही फारसं सापडत नव्हतं. ते नंतरही सापडलं नाही. २००४मध्ये यॉर्कच्या अभ्यासकांनी उपलब्ध संशोधनाचा आढावा घेतला, २०२२मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या मंडळींनी दुसरीतल्या मुलांवर रीतसर प्रयोग केला. दोन्हीकडे निष्कर्ष साधारण तोच: व्याकरण शिकवल्याने मुलं बरं लिहू लागली असं दिसत नाही.

मग परत का आणलं? लेखनाचा दर्जा घसरला म्हणून, असं कुणीही सांगेल. पण ही घसरण कधी सुरू झाली ते शोधायला गेलं की माणूस मागे मागेच जात राहतो. १९७५मध्ये इंग्रजीच्या शिक्षणावर बुलक समितीचा मोठा अहवाल आला. ती समिती नेमली होती मार्गारेट थॅचर यांनी, त्या शिक्षणमंत्री असताना. तरुण पोरांना धड लिहिता येत नाही अशा मालक मंडळींच्या तक्रारी समितीपुढे होत्याच. समितीने काय करावं, तर याच विषयावरचा १९२१चा न्यूबोल्ट अहवाल काढून त्यातल्या कंपन्यांच्या तक्रारी छापल्या. विकर्स म्हणते, स्वच्छ इंग्रजी लिहिणारे पंधरा-सोळा वर्षांचे कारकून मिळत नाहीत. लीव्हर ब्रदर्स म्हणते, आमच्याकडच्या पोरांचं इंग्रजी पाहून आश्चर्य वाटतं आणि निराशाही होते. बूट्स कंपनीचंही तेच गाऱ्हाणं. म्हणजे ज्या सोनेरी काळाकडे १९७५ची माणसं बोट दाखवत होती, तो काळ स्वतःच कपाळाला हात लावून बसला होता.

तरी ही तक्रार कधी नुसती लेखनाची नसते. १९८५मध्ये कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे नॉर्मन टेबिट यांनी रेडिओवर जो युक्तिवाद केला तो मला फार आवडतो. आवडतो म्हणजे मराठी घरात वाढल्यामुळे फार ओळखीचा वाटतो. चांगलं इंग्रजी आणि वाईट इंग्रजी सारखंच मानलं, मुलं मळक्या अवतारात शाळेत आली तरी चालवून घेतलं, की माणसांना कसलीच चाड राहत नाही आणि मग गुन्ह्यापासून दूर राहण्याचंही काही कारण उरत नाही, असा त्याचा आशय होता. व्याकरण सुटलं की नखं वाढतात, नखं वाढली की माणूस तुरुंगात! आमच्या शाळेत प्रार्थनेनंतर नखं तपासणाऱ्या बाई याहून वेगळं काही म्हणत नव्हत्या.

तर परीक्षा. खरी मेख मला तिच्या जन्मकथेत सापडली. आधी अकराव्या वर्षी मुलं प्रत्यक्ष लेखन करायची आणि ते बाहेरचे परीक्षक तपासायचे. त्यावर भांडणं व्हायची, कारण एकच निबंध एका परीक्षकाला बरा वाटे आणि दुसऱ्याला सामान्य. २०११मध्ये लॉर्ड ब्यू यांच्या समितीने तोडगा काढला. लेखनाचा दर्जा वर्गशिक्षकाने ठरवावा. बाहेरून परीक्षा घ्यावी ती स्पेलिंग, विरामचिन्हं, व्याकरण, शब्दसंग्रह यांची, कारण तिथे चूक-बरोबर स्पष्ट सांगता येतं. तोडगा सद्हेतूने काढलेला होता. २०१३पासून ही परीक्षा सुरू झाली. आणि ज्याची परीक्षा, त्याचाच अभ्यास, हे सांगायला कुणाला इंग्लंडला यावं लागत नाही.

एकदा चूक-बरोबर ठरवायचं म्हटलं की ते कुठवर जातं पाहा. २०१६मध्ये सात वर्षांच्या मुलांसाठी नियम आला: उद्गारवाचक वाक्य 'व्हॉट' किंवा 'हाऊ'ने सुरू झालं आणि त्यात क्रियापद असलं तरच ते उद्गारवाचक. पोरगं बागेत वाघ बघून दोन शब्दांत किंचाळलं तर ते या व्याख्येत बसत नाही. पुढच्याच वर्षी काही मुलांचे अर्धविराम योग्य जागी असूनही आकार नीट नाही, टिंब जरा वर-खाली झालंय म्हणून गुण गेले आणि शिक्षकांनी त्या उत्तरांचे फोटो जगजाहीर केले.

एवढं लिहून मी व्याकरणाच्या विरोधात उभी राहतेय असं वाटेल. तसं नाही. आबांनी शिकवलेलं व्याकरण नसतं तर मी इथे नोकरीला लागलेच नसते. आमच्या घरात, गल्लीत, बाजारात कुठेही इंग्रजी कानावर पडत नव्हतं. आपण लिहिलेलं बरोबर आहे की नाही हे कानाला विचारायची सोय नव्हती, म्हणून नियमाला विचारायचो. ज्याच्या घरात ती भाषा नाही त्याला नियम हा एक हक्क असतो. आणि ही गोष्ट फक्त परक्यांची नाही. याच रेडिंगमध्ये जेनी चेशर नावाच्या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी इथल्या खेळाच्या मैदानांवर टवाळक्या करणाऱ्या मुलांची बोली टिपली आणि १९८२मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. ती पोरं 'आय गोज', 'वुई हॅज' असं सर्रास बोलायची. बोलीत ते अगदी नियमाला धरून होतं. पण नोकरीच्या अर्जावर तसं लिहिलं तर अर्ज कुठे जाणार हे उघड आहे. त्या मुलांना प्रमाण इंग्रजी कुणीतरी समोर बसवून, समजावून द्यायलाच हवं. एक्सेटरच्या डेब्रा मायहिल यांनी दाखवलं तेही असंच की मूल काही लिहीत असताना, त्याच्याच वाक्यात काय केलं तर काय होईल हे दाखवत व्याकरण शिकवलं, तर लेखन सुधारतं. अर्थात आधीपासून बरं लिहिणाऱ्यांचं जास्त. हे शिकवायला मात्र शिक्षकाला मुलाचं लिखाण वाचावं लागतं. तीस मुलांचं. वेळ कुठून आणणार?

मागच्या सुट्टीत आम्ही कराडला गेलो होतो. मुलगा आजोबांबरोबर एसटीने पाटणला जाऊन आला. परत आल्यावर त्याने तो प्रवास असा काही सांगितला की आम्ही सगळे हातातलं काम टाकून ऐकत बसलो. कंडक्टर एकदा दोरी ओढतो तेव्हा बस थांबते, दोनदा ओढतो तेव्हा निघते, आणि हे त्या ड्रायव्हरला मागे वळून न बघता कसं कळतं. एका बाईंच्या टोपलीतली कोंबडी सुटली आणि तिला पकडायला आख्खी बस उठली. कंडक्टर कोंबडीचं तिकीट मागत होता, आणि ती बाई म्हणाली, "आधी बशीव तिला, मग फाड तिकीट."

शाळेत 'एक प्रवास' लिहायला सांगितलं तेव्हा त्याने हाच विषय घेतला. वही मी उत्सुकतेने उघडली. 'सावधपणे, मी बसमध्ये चढलो. खिडकीबाहेर, हिरवेगार डोंगर उभे होते. अचानक, मोठा गोंधळ उडाला. जिवाच्या आकांताने, एक कोंबडी धावत सुटली.' प्रत्येक वाक्याच्या पुढ्यात एक क्रियाविशेषण, प्रत्येकापुढे स्वल्पविराम. दोन कंस, एक सब्जंक्टिव्ह. दोरी नाही, तिकीट नाही, ती बाई तर नाहीच. शाळेतल्या बाईंनी शेजारी हिरव्या शाईने बरोबरच्या खुणा केल्या होत्या, आणि त्यांच्याकडच्या यादीप्रमाणे सगळं खरंच बरोबर होतं.

मला हसू आलं, कारण ही वही मी ओळखत होते. ती आमचीच होती. 'सूर्य उगवला नाही तर', 'मी पंतप्रधान झालो तर', 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत'. सुरुवातीला एक कवितेची ओळ, मध्ये दोन सुविचार, शेवटी 'इतक्यात आईने हाक मारली आणि मी जागा झालो'. आम्ही कुणीच फाटक्या पुस्तकाकडे नीट पाहिलं नव्हतं. गाईडमधल्या पुस्तकाचं मनोगत पाठ होतं. बाई लाल शाईने फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासायच्या. साहित्य महामंडळाने १९६२मध्ये लेखनाचे चौदा नियम केले, १९७२मध्ये आणखी चार घातले. जुने, उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, लिहिणं पुष्कळ सोपं झालं. चांगलंच झालं. पण आजही मराठीत 'लेखनाचा दर्जा' म्हटलं की नव्वद टक्के भांडण वेलांटीवर होतं. सोशल मीडियावर कुणी मनापासून काही लिहावं आणि खाली पहिली प्रतिक्रिया यावी, 'आणि'तला 'णि' ऱ्हस्व. बिचाऱ्याने काय लिहिलंय ते कुणी वाचलं की नाही कोण जाणे. आणि वेलांट्या-उकार सगळे जागच्या जागी असलेलं, 'उपरोक्त संदर्भीय विषयान्वये आपणांस कळविण्यात येते की'ने सुरू होणारं सरकारी पत्र तीनदा वाचूनही आपल्याला नेमकं काय कळवलंय ते कळत नाही. त्याबद्दल कुणी कुणाला टोकत नाही, कारण शुद्धलेखनाची चूक एकही नाही.

भाषा बदलते म्हणून दर्जा जातो, ही दुसरी ओरड. तिच्यावर मी फार वेळ घालवणार नाही. २००३मध्ये स्कॉटलंडमधल्या तेरा वर्षांच्या एका मुलीने सुट्टीवरचा निबंध मोबाइलच्या तुटक भाषेत लिहिला आणि आता सगळं संपलं असं पेपरांनी जाहीर केलं. नंतर कॉव्हेंट्रीच्या संशोधकांनी पाहिलं तर तसली तुटक भाषा जास्त वापरणारी मुलं वाचनात आणि स्पेलिंगमध्ये मागे नव्हती, उलट थोडी पुढेच होती. अक्षराशी खेळायला आधी अक्षर यावं लागतं. एकट्या माणसासाठी 'दे' (they) हे अनेकवचनी सर्वनाम वापरायचं की नाही यावर इथे माणसं हमरीतुमरीवर येतात. अमेरिकेतल्या असोसिएटेड प्रेसने २०१७मध्ये आपल्या बातमीदारांना, अडेल तिथे, त्याची मुभा दिली. आबांना सांगितलं तर म्हणाले, "आमच्या वेळी मार्क गेले असते." एवढंच.

मी एका हॉस्पिटलात मेडिकल सेक्रेटरी आहे. डॉक्टर पत्रं सांगतात, मी ती टाइप करते. फॅमिली डॉक्टरला जाणाऱ्या या पत्रांची एक प्रत पेशंटला जाते. मी लागले तेव्हा पत्रं जुन्या थाटाची होती: 'या प्रसन्न स्वभावाच्या चौसष्ट वर्षांच्या गृहस्थांना मी आज तपासले.' भाषा अशी की रेन-मार्टिनने पाठ थोपटावी. एकदा एका आजोबांचा फोन आला. पत्रात त्यांच्या मूत्रपिंडाचं सगळं गणित होतं, आणि शेवटी एका गोळीबद्दल वाक्य होतं की ती यथावकाश बंद करण्यात यावी. कुणी करावी? कधी? आजोबांना वाटलं डॉक्टर करतील, म्हणून ते गोळी घेत होते. डॉक्टरांना वाटत होतं एव्हाना बंद झाली असेल. वाक्य कर्मणी होतं आणि निर्दोष होतं. माझ्या मुलाच्या परीक्षेत त्याला पूर्ण गुण मिळाले असते.

२०१८मध्ये इथल्या मेडिकल रॉयल कॉलेजांच्या, म्हणजे डॉक्टरांच्या व्यावसायिक संस्थांच्या, अकादमीने डॉक्टरांना सुचवलं की पत्र थेट पेशंटलाच लिहा आणि प्रत फॅमिली डॉक्टरला पाठवा. हळूहळू पत्रं बदलली. 'तुम्हाला भेटून बरं वाटलं. तुमच्या पायांना सूज आहे. ही गोळी उद्यापासून घेऊ नका.' काही जुन्या डॉक्टरांना हे बालिश वाटलं. दर्जा घसरला, असंही एकजण माझ्यापाशी म्हणाले. माझ्या टेबलावरचे फोन मात्र कमी झाले.

या साध्या भाषेची चळवळ ज्या बाईने इंग्लंडमध्ये उभी केली तिचं नाव क्रिसी माहेर. लिव्हरपूलची, गरीब घरातली. वाचायला शिकली तीच मुळी सोळाव्या वर्षाच्या आसपास. १९७९मध्ये तिने पार्लमेंटसमोरच्या चौकात सरकारी फॉर्मचे गठ्ठे आणून जाहीरपणे फाडले, कारण ते ज्यांच्यासाठी होते त्यांनाच कळत नव्हते. तिच्या 'प्लेन इंग्लिश' मोहिमेमुळे सरकारी खात्यांना आणि मोठमोठ्या कंपन्यांना आपले कागद पुन्हा लिहावे लागले. इंग्रजी कागदपत्रांचा दर्जा या देशात गेल्या अर्धशतकात कुणी खरोखर वर नेला असेल तर त्यात तिचं नाव पहिलं घ्यावं लागेल, आणि तिला शाळेने जवळजवळ काहीच शिकवलं नव्हतं. तिला एक गोष्ट मात्र नेमकी माहीत होती: न कळणारा कागद हातात घेऊन बसलेल्या माणसाचं काय होतं.

मुलाच्या निबंधाचा फोटो मी आबांना पाठवला. वाटलं, जन्मभराची सवय, लाल पेन काढतील. त्यांनी प्रिंट काढून आणली आणि समासात बारीक अक्षरात प्रश्न लिहून परत फोटो पाठवला. 'बसमध्ये जागा कुठली मिळाली?' 'गोंधळ आधी कुणाच्या लक्षात आला?' 'कोंबडीवाल्या काकू काय म्हणाल्या? त्यांचेच शब्द लिही.' 'मी काय करत होतो?' (आबा झोपले होते. ते नातवाने लिहावं अशी त्यांची इच्छा असेलसं वाटत नाही.)

मुलाने दोन संध्याकाळी बसून ते परत लिहिलं. दुप्पट लांब झालं. दोरी आली, तिकीट आलं, काकूंचं वाक्य इंग्रजीत कसं आणावं यावर आमची बरीच झटापट झाली. शाळेतल्या बाईंना ते मनापासून आवडलं, त्यांनी वर्गात वाचून दाखवलं. मग त्याला बाजूला घेऊन म्हणाल्या, यात एकही अर्धविराम नाही रे. वरची श्रेणी द्यायची तर यादीप्रमाणे तो तुझ्या लेखनात दिसायला हवा. त्याने घरी येऊन कंडक्टर आणि कोंबडी यांच्या मधोमध एक घातला. मी बघितला. योग्य जागी आहे, आकारही बरा आलाय.